रिकाम्या फ्रेम्सची टूर : हर्मिटाज म्युझियम

हे बघताय ना, भिंतीवर नुसत्या फ्रेम्स लटकतायत, आत चित्रच नाही. लेनिनग्राडमधलं, म्हणजे आताच्या सेंट पीटर्सबर्गमधलं हर्मिटाज म्युझियम, साल १९४२. आदल्या वर्षी २२ जूनला जर्मनीने हल्ला केला आणि म्युझियमच्या लोकांनी रात्रीचा दिवस करून सामान बांधलं, जुलैमध्ये दोन ट्रेन भरून ११ लाखांच्या वर वस्तू लांब उरल पर्वताकडे स्वेर्दलोव्स्कला पाठवल्या, तिसरी ट्रेन निघायच्या आत शहराला वेढा पडला. चित्रं काढून नेली, फ्रेम्स मात्र जागच्या जागी राहू दिल्या.

वेढा ८७२ दिवस चालला. भुकेने माणसं रस्त्यात कोसळत होती आणि म्युझियमच्या तळघरात, बॉम्बपासून वाचायला केलेल्या खोल्यांमध्ये, जवळपास २००० लोक राहत होते. आणि अशा वेळी डिसेंबर १९४१ मध्ये डायरेक्टर योसिफ ओर्बेली यांनी काय केलं, तर अलिशेर नवोई या मध्य आशियातल्या कवीची ५०० वी जयंती साजरी केली, बाहेर तोफांचा मारा चालू असताना!

पावेल गुबचेव्स्की हे तिथले गाईड. साफसफाईला मदत करायला आलेल्या सैनिकांना त्यांनी अख्ख्या गॅलऱ्यांमधून फिरवलं, एकेका रिकाम्या फ्रेमपुढे उभं राहून इथे कोणतं चित्र होतं, त्यात कोण कुठे बसलंय, उजेड कुठून पडतोय, सगळं तोंडपाठ सांगत गेले.

याच म्युझियममधलं रेम्ब्रांट या डच चित्रकाराचं एक चित्र आता स्क्रीनवर बघा. घर सोडून गेलेला, सगळं उधळून बसलेला मुलगा परत आलाय, बापापुढे गुडघे टेकलेत, डोक्यावरचे केस कापलेले, एक चप्पल पायातून निसटलीये आणि तळवा उघडा पडलाय. बापाचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर. चित्र अडीच मीटरहून उंच आहे, म्हणजे समोर उभं राहिलं की ती माणसं जवळजवळ आपल्याएवढी दिसतात. असं चित्र रोज बघणाऱ्या माणसाला ते पाठ होणारच की.

खरं तर हे म्युझियम लोकांसाठी बांधलंच नव्हतं. १७६४ मध्ये महाराणी कॅथरीनने बर्लिनच्या एका व्यापाऱ्याकडून चित्रं घेतली, जी त्याने प्रशियाच्या राजासाठी जमवली होती पण लढाईनंतर राजाकडे पैसे उरले नव्हते. रशिया युरोपच्या बरोबरीची आहे हे दाखवायचं होतं तिला. सामान्य लोकांसाठी दार उघडायला १८५२ उजाडलं.

मग क्रांती झाली आणि एक वेगळंच प्रकरण घडलं. सोव्हिएत सरकारला मशिनरीसाठी परकीय चलन हवं होतं म्हणून १९३०-३१ मध्ये हर्मिटाजमधली २१ चित्रं गुपचूप अमेरिकेतल्या अँड्र्यू मेलन या धनाढ्य बँकरला विकली, त्यात इटालियन चित्रकार राफाएलची ‘आल्बा मॅडोना’ एकटीच ११ लाख डॉलरच्या वर गेली. मला विचाराल तर ही सरळ सरळ लूट होती, स्वतःच्याच घरातली. पण मेलनने ती चित्रं आपल्या देशाला देऊन टाकली आणि मार्च १९४१ मध्ये वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी उघडली तेव्हा तिचा पाया या चित्रांवर उभा होता, आज ती कुणालाही फुकट बघता येतात. एका देशाचं म्युझियम दुसऱ्या देशाचं म्युझियम घडवतं ते असं.

रशियात मॉडर्न आर्टवर स्टालिनच्या काळात बंदीच होती म्हणा ना. पण श्चुकिन आणि मोरोझोव्ह या व्यापाऱ्यांनी जमवलेली मातीस, पिकासोची चित्रं गोदामात सांभाळून ठेवली गेली. १९५६ मध्ये पिकासोचं प्रदर्शन लागलं आणि तरुण पोरांनी तुफान गर्दी केली, वाद घातले, ज्या गोष्टीबद्दल बोलायचीच सोय नव्हती तिच्याबद्दल उघड बोलायला लागली.

अलीकडचंही सांगायला हवं. ॲमस्टरडॅममध्ये हर्मिटाजची शाखा होती. मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर तिने संबंध तोडले, चालू असलेलं रशियन चित्रकारांचं प्रदर्शन मध्येच बंद केलं, २०२३ मध्ये नावही बदललं. निर्णय बरोबर होता असं मला वाटतं, आणि तरीही ती चित्रं बघायला न मिळालेल्या लोकांचं नुकसान झालंच.