बॅटरी कोणत्या धुऱ्यावरून पाहता?

फेब्रुवारीतली रात्र. यवतमाळ जिल्ह्यातलं हरभऱ्याचं वावर. रानडुकरांपायी माळ्यावर जागल चालू आहे. समोरच्या धुऱ्यावरून कुणी तरी बॅटरी मारतं आणि माळ्यावरून आवाज येतो, "काहून बे, डोयात मारून राह्यला?" शेजारच्या वावरातल्या माणसाचे डोळे मात्र दिपत नाहीत. त्याला धुक्यातून गेलेला पांढरा पट्टा दिसतो, बस.

पूर्वेला चित्रा वर आली आहे. तिच्याच कन्या राशीत थ्री-सी २७३ नावाचा क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा लखलखता गाभा, आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, चांगली दुर्बीण लागते. १९६३ साली खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटातल्या, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशातल्या, रेषा ओळखल्या, तेव्हा कळलं, ताऱ्यासारखा दिसणारा हा ठिपका दोनशे कोटी प्रकाशवर्षांच्याही पलीकडे आहे.

क्वेसारच्या पोटात कृष्णविवर. त्याभोवती तापलेल्या वायूची फिरती चकती, आणि बाहेरून धुळीचं जाड कडं. पाण्याच्या गुंडाखाली बाया डोक्यावर चुंबळ ठेवतात ना, तसंच. चुंबळ वरून पाहिली तर मधलं भोक दिसतं. तसं पाहायला मिळालं, तर चकतीचा झगझगाट दिसतो आणि सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या वायूच्या रुंद रेषाही. आडवी पाहिली तर नुसतं फडकं. मग दूरच्या, संथ वायूच्या बारीक रेषा तेवढ्या हाती लागतात. काही क्वेसार वरखाली कणांचे झोतही फेकतात. तो झोत नेमका आपल्याकडे वळलेला असला तर त्याला ब्लेझार म्हणतात. माळ्यावरच्या माणसाचं झालं, तेच.

पण आडून पाहताना आत दिवा आहे हे कळणार कसं? कुडाआडचा कंदील दिसत नाही, वरची लिंबाची पानं उजळलेली दिसतात. १९८५ मध्ये अँटोनुची आणि मिलर यांनी एनजीसी १०६८ या दीर्घिकेत असाच परतलेला प्रकाश पकडला. अशा दीर्घिकांचे गाभे म्हणजे क्वेसारची धाकटी भावंडं. तिथल्या ध्रुवित, म्हणजे आपटून आल्याने एकाच दिशेत डोलणाऱ्या, प्रकाशात त्या लपलेल्या रुंद रेषा सापडल्या. मला या सगळ्या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात आवडतो.

तरी सगळंच कोनावर ढकलता येत नाही. काही क्वेसारच्या रुंद रेषा दहा-वीस वर्षांत विरून गेलेल्या दिसल्या आहेत. एवढ्यात अख्खी चुंबळ काही कलंडत नाही. तिथे बहुधा कृष्णविवराचा चाराच आटलेला असतो.