जॅकेटच्या आतलं पान

पहाटेचे साडेचार. कणकवलीचं एसटी स्टँड. गाडी आली की पेपरचे गठ्ठे धपाधप खाली, सुतळी कापायची आणि पुरवण्या भरायला बसायचं. हे हात बघा जरा. डाव्या हाताने अंक उघडला, उजव्याने पुरवणी आत सरकवली, त्यात साड्यांच्या सेलचं पत्रक, झालं, पुढचा अंक. कोणी बोलत नाही. बोटं काळी होतात, ती शाई आंघोळीनंतरच जाते. आणि सगळ्यात बाहेरचं पान म्हणजे जॅकेट, आख्खी जाहिरात, बातमी वाचायची तर पान उलटून आत जावं लागतं.

याच जिल्ह्यात, देवगड तालुक्यात पोंभुर्ले. बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. 6 जानेवारी 1832 ला त्यांनी मुंबईत दर्पण काढलं, मराठीतलं पहिलं वृत्तपत्र, एका पानावर मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी, वय काय तर जेमतेम विशी, आणि ते त्यांनी 1840 पर्यंत चालवलं. म्हणून त्या तारखेला आपल्याकडे पत्रकार दिन. हार, शाल, श्रीफळ.

मोबाईलने पेपर बुडवला असं सगळे म्हणतात. खरंय, पण अर्धंच. गावोगावी स्मार्टफोन यायच्या आधी, 2009 च्या विधानसभा निवडणुकीत, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी पेपरांत उमेदवाराचं कौतुक शब्द न् शब्द सारखंच छापून आलं होतं. पत्रकार पी. साईनाथांनी ते उघडं पाडलं, प्रेस कौन्सिलची समिती बसली, पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी बसला.

आता हे तालुक्याचे वार्ताहर. चेहरा दाखवत नाही आहोत. अपघात, ग्रामसभा, पंचायत समिती, सगळं यांच्याच अंगावर, पगार नाही, तुटपुंजं मानधन. वर्धापनदिन जवळ आला की जाहिरातींचं टार्गेट येतं. ही डायरी बघा, डावीकडे बातम्यांचे मुद्दे, उजवीकडे कोणाकडून किती जाहिरात यायचीय त्याची यादी, आणि दोन्हीकडे तेच सरपंच. सकाळी ज्याच्याकडे जाहिरात मागितली त्याच्या रखडलेल्या नळयोजनेवर संध्याकाळी काय लिहिणार माणूस?

मग ती बातमी येतच नाही.

सात वाजत आलेत. स्कूटीवरून शेवटचं घर. आजोबा जॅकेट वेगळं काढतात, घडी घालून रद्दीत ठेवतात, चष्मा पुसतात आणि आतल्या पानांवर आपल्या गावाचं नाव शोधायला लागतात.