किकर मोटर घेताय? एचपी नंतर, आधी टेप काढा

नमस्कार मंडळी! बडोद्याहून बोलतोय, मकरपुऱ्यातल्या आपल्या शेडमधून. मागे कोणाचा तरी कंप्रेसर चालू आहे, त्याला मी काही करू शकत नाही. पावसाळी मासेमारीबंदीचा काळ चालू आहे, होड्या वर ओढलेल्या, आणि होडी वर ओढली की माणसाला खरेदी सुचते. तर गेले दहा-बारा दिवस सगळ्यांचा एकच प्रश्न, मोठ्या इंजिनाच्या शेजारी अडीअडचणीला लावायला छोटी ओबीएम, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची आउटबोर्ड मोटर, कुठली घेऊ. किकर म्हणतात तिला.

मागच्या व्हिडिओखाली एका साहेबांची कमेंट, "बडोद्यात समुद्र कुठाय, कशाला शिकवताय?" नाहीये हो, मान्य. विश्वामित्री आहे, तिच्यात मगरी आहेत, म्हणून मी मोटर २०० लिटरच्या पिंपात चालवून बघतो. पण मामाची होडी हर्णैला आहे आणि तिची इंजिनं लहानपणापासून मीच उघडतोय, त्यामुळे मला बोलायचा थोडा तरी हक्क आहे असं धरून चाला.

एचपीचं पटकन संपवतो कारण ते सोपं आहे. किकर तुम्हाला घरी आणण्यासाठी आहे, पळवण्यासाठी नाही. होडी पाणी कापत चालते तेव्हा तिच्या वेगाला मर्यादा असते, पाण्यातली लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा, गुणिले १.३४, येतील ते नॉट. पाण्यात २० फूट लांबी असेल तर साधारण ६ नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर, संपलं. त्याच्यावर किकरचे थोडे एचपी वाढवलेत तरी होडी फक्त मागे बसते आणि पेट्रोल पिते. १६-१८ फुटाला ४ ते ६ एचपी, २०-२३ फुटाला ८ ते ९.९, वजनदार असेल तर १५. आणि एक गंमत सांगतो, बऱ्याच कंपन्यांमध्ये ४, ५ आणि ६ एचपी हे एकच इंजिन असतं, वजन पण तेच, तसंच ८ आणि ९.९ चं. मग उचलायचं वजन तेवढंच असेल तर वरचा आकडा घ्या ना. पंखा, म्हणजे प्रोपेलर, मात्र कमी पिचचा मागा, एका फेरीत कमी अंतर ढकलणारा, ताकदीचा, पळायचा नको.

अडीच एचपीवाल्यांनो, तुमची मोटर छान आहे, हातात उचलून नेता येते, पण बहुतेकांत रिव्हर्स गिअर नसतो, अख्खी मोटर गोल फिरवावी लागते, आणि टाकी अंगातलीच, एक लिटरच्या आसपास. खाडीत ठीक. बाहेर नको.

आता खरी गोष्ट. शाफ्ट. म्हणजे मोटर फळीला अडकते तिथून खाली पंख्याकडे जाणारा उभा पाय. शंभर कमेंटमध्ये नव्वद जण एचपी विचारतात, उरलेले दहा किंमत विचारतात, शाफ्टची लांबी कोणी म्हणजे कोणी विचारत नाही! १५ इंच, २० इंच, २५ इंच, शॉर्ट, लाँग, एक्स्ट्रा लाँग, कंपनीगणिक इंच-दीड इंच इकडेतिकडे. चुकीची लांबी घेतलीत तर ९.९ ची मोटर सुद्धा बाळाचा खुळखुळा आहे.

मी पण ही चूक केलीय, म्हणून एवढा बोंबलतोय. मावसभावाला इथूनच एक सेकंडहँड चार एचपी घेऊन पाठवली. फोनवर विचारलं, अरे मागच्या फळीची उंची किती, तो म्हणाला पंधरा. मी शॉर्ट शाफ्ट घेतली, पॅक केली, ट्रान्सपोर्टने रवाना. दोन महिन्यांनी सुवर्णदुर्गाच्या बाहेर मोठ्या इंजिनाच्या पेट्रोलमध्ये पाणी आलं, इंजिन बंद. किकर खाली सोडली, पहिल्या झटक्यात चालू, वा! आणि मग प्रत्येक लाट खालून सरकली की मागचा भाग वर, पंखा हवेत, मोटर किंचाळायची, परत पाण्यात, परत हवेत. होडी जागची हलेना. शेवटी नांगर टाकून बसले आणि दुसऱ्या होडीने ओढून आणलं. नंतर कळलं की पठ्ठ्याने माप आतून घेतलं होतं, फळीच्या काठापासून होडीच्या आतल्या तळापर्यंत. बाहेरून वीस भरत होतं. त्याची चूक? अजिबात नाही, आतून की बाहेरून हे मी विचारलंच नव्हतं.

म्हणून टेप बाहेरून. होडी वर ओढलेलीच आहे, मागे जाऊन उभे राहा. तळाची सगळ्यात खोल रेष जिथे आहे तिथे एक सरळ पट्टी आडवी धरा, आणि मोटर वर ज्या जागी अडकवणार त्या जागेपासून त्या पट्टीपर्यंत सरळ खाली मोजा. मधून नाही मोजायचं, मोटर बसणार तिथून. कारण फळी मध्ये मोठ्या इंजिनासाठी कापलेली असते, बाजूला उंच असते, किकर तर बाजूलाच बसणार. आणि तळ बाजूला वर चढत जातो, तिथल्या तिथे टेप लावलात की माप कमी दिसतं आणि तुम्ही खूश होऊन छोटा शाफ्ट घेता. त्यासाठीच पट्टी! पंख्याच्या वर जी आडवी पाटी असते ती त्या पट्टीच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. त्या पाटीला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, दुकानदार पण म्हणतात, ती आहे अँटी-व्हेंटिलेशन प्लेट, पंख्याला वरची हवा ओढू न देणारी. कॅव्हिटेशन म्हणजे दाब कमी होऊन पाण्यातच वाफेचे बुडबुडे होणं, वेगळी भानगड. असो, मागच्या वेळी यावरून कमेंटमध्ये भांडणं झाली होती.

"पण दादा आम्ही ब्रॅकेट लावणार." मोटर वर-खाली करायचा स्टँड, लावा की. मग मोजायचं ब्रॅकेट पूर्ण खाली असताना, त्याच्या लाकडी पाटाच्या वरच्या काठापासून. वर असताना मोजलंत तर जास्त भरेल, उगाच पंचवीसचा शाफ्ट घ्याल, तो तिरका करून वर उचलताना कशाला तरी अडकेल आणि उथळ खाडीत तळाला घासेल. आणि ब्रॅकेटवर किलोची मर्यादा लिहिलेली असते ती वाचा, ९.९ ची फोर स्ट्रोक चाळीस किलोच्या आसपास जाते, जुन्या टू स्ट्रोकचं ब्रॅकेट तसंच ठेवू नका.

अजून एक, मग शाफ्ट सोडतो. उभ्या होडीत माप बरोबर आलं म्हणून टाळ्या वाजवू नका. इंजिन बंद पडलं की सगळ्यात आधी काय होतं, एक जण नांगराकडे धावतो, नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला. नाळ खाली, मागचा भाग वर, पंखा हवेत. दोघं मोठ्या इंजिनावर वाकतात, होडी एका बाजूला कलते, किकर त्याच्या उलट बाजूला असेल तर ती वर. म्हणून शंका आली की लांबाचं घ्या. आणि जाळं चढवून, माणसं बसवून, बंदरातच एकदा चालवून बघा, एकाला मुद्दाम नाळेवर पाठवा.

आता जरा थांबा, मागच्या पिंपातल्या मोटरची पेट्रोलची नळी काढतो. हं. चालू राहू दे तिला.

आपल्या बाजूच्या लोकांसाठी सांगतो. बडोद्याहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर कावी-कंबोई, स्तंभेश्वर महादेव. भरतीला अख्खं देऊळ पाण्याखाली जातं, तुम्ही पाहिलं असेल, आम्ही दर श्रावणात जातो. त्याच खंभातच्या आखातात भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो, उधाणाला पाण्याची ओढ सहा नॉटपर्यंत जाते. आणि वर आपण किती म्हणालो? वीस फुटाची होडी, सहा नॉट. म्हणजे मोटर फुल, आणि देऊळ जिथल्या तिथे! तिथे किकरने ओढीशी भांडायचं नाही, लांब दोराचा नांगर टाकायचा आणि ओढ फिरायची वाट बघायची. सौराष्ट्रातले पिलाणावाले, म्हणजे छोट्या मासेमारी होड्यांवाले, हे जाणतात, हौशी लोकांना सांगावं लागतं.

चालवताना मोठ्या इंजिनाचा पाय थोडा पाण्यात ठेवा, सुकाणासारखा उपयोग होतो, नाहीतर बाजूची किकर होडीला एकाच दिशेला ढकलत राहते. मोठं इंजिन चालू असताना मात्र किकर वर आणि बांधलेली. क्लॅम्प कंपनाने सैल होतात, एक साखळी लावाच. किल स्विचची दोरी मनगटाला, माणूस पडला की ती ओढली जाऊन मोटर बंद होते. लाइफ जॅकेटवर मी बोलणार नाही, १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात बोट उलटून शाळेची पोरं गेली, त्यानंतर बडोद्यात कोणाला ते समजवावं लागू नये.

राहिलं पेट्रोल. टाकी वेगळी ठेवा, वेगळीच. मावसभावाकडे नशिबाने चार एचपीची टाकी स्वतंत्र होती म्हणून निदान चालू तरी झाली, एकाच टाकीवर दोन्ही असती तर त्या पाण्याने दोन्ही मेल्या असत्या. शिवाय मोठं इंजिन टू स्ट्रोक असेल तर त्याच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळलेलं, ५० ला १, लिटरला २० मिली, फोर स्ट्रोक किकरला ते नकोय. आणि पंपावर आता ई-२० मिळतं, २० टक्के इथेनॉलवालं, बहुतेक आउटबोर्ड कंपन्या मॅन्युअलमध्ये १० टक्के इथेनॉलपर्यंतच चालेल म्हणतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि किकर कधी चालवतो आपण? महिन्यातून एकदा! तेवढ्या वेळात कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकट थर बसतो. म्हणून प्रत्येक वेळी गोड्या पाण्यात चालवायची, पाण्याची बारीक धार बाहेर येतेय ना बघायचं, नळी काढायची आणि आपोआप बंद पडेपर्यंत...

ऐका. आवाज बदलला ना? थोडी वर गेली... गेली. झाली बंद. कार्बोरेटर रिकामा.