मान वर करून बघायचं झाड

नमस्कार श्रोतेहो. मुलगी-जावई अमेरिकेत, आणि मे महिन्यात आईवडील तिकडे निघालेत, अशी घरं आता आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. तुमची मंडळी अटलांटा, शार्लट अशा भागात असतील, तर तिकीट जरा अलीकडचं काढा. एप्रिलचं. तिथलं सिल्व्हरबेल बघायचं राहू नये म्हणून सांगतोय.

हे झाड मूळचं अमेरिकेच्या आग्नेय भागातलं. अ‍ॅपलेशियन डोंगरांत ते छान पोसतं. पालवी पुरती फुटायच्या आतच गेल्या वर्षीच्या फांद्यांना फुलांचे घोस लागतात. फूल पांढरं, जेमतेम दोन सेंटिमीटरचं, बारीक देठाला झुमक्यासारखं लोंबणारं, आणि तोंड थेट जमिनीकडे. त्यामुळे लांबून पाहिलं तर फांद्यांवर नुसती पांढरट झाक दिसते. झाडाखाली जाऊन मान वर केली की फूल उलगडून दिसतं: आतले पिवळे परागकोश आणि त्यांच्यापर्यंत पोचायला उलटे लटकणारे भुंगे. जाणते बागवान म्हणूनच ते उतारावर, पायवाटेच्या वरच्या अंगाला लावतात. हिरवळीच्या मधोमध एकटं उभं केलेलं सिल्व्हरबेल मला तरी वाया गेल्यासारखं वाटतं.

रानात ते ओढ्याकाठी, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं. कुजलेल्या पानांची, ओलसर, आम्लधर्मी माती त्याला मानवते. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडतात. बागेत ते आठ-दहा मीटरवर थांबतं, पण ग्रेट स्मोकी माउंटन्सच्या जुन्या जंगलात तीस मीटरच्या वर गेलेली झाडंही आहेत.

फुलांनंतर चार पंखांची शेंग धरते. ती वाळून तपकिरी होते आणि हिवाळाभर फांदीवरच राहते. आतलं बी मात्र भारी हट्टी. आधी ऊब, मग लांबलचक थंडी, असं दोन्ही मिळाल्याशिवाय रुजत नाही. पुष्कळदा दुसरा वसंत उजाडतो. तेव्हा खिशात चार शेंगा टाकून आणायचा बेत असेल, तर तो सोडलेला बरा.

याचं शास्त्रीय नाव हलेशिया. ते स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्यावरून पडलं. छाटलेल्या द्राक्षवेलीला काचेची नळी जोडून रस किती जोराने वर चढतो, हे या माणसाने मोजलं आणि 1727 साली ते छापलं. त्याच्या आधी घोडीच्या रक्तवाहिनीला नळी लावून रक्तदाबही मोजला होता! आणि नातं म्हणाल तर आपल्या धुपाटण्यातला लोबान ज्या स्टायरॅक्स झाडांचा डिंक, त्यांच्याच कुळातलं हे झाड.

बहर टिकतो एक-दोन आठवडे. खालच्या भागातला हुकला तर हळहळू नका, स्मोकी डोंगरात वर जा. उंचीवर वसंत उशिरा पोचतो; मेच्या सुरुवातीलाही तिथे फुलं मिळण्याची आशा असते.