मांजराला वेड लावणारी खोकली

नमस्कार श्रोतेहो. आज मांजरांना आवडणाऱ्या झाडांबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात अशा झाडापासून करते जे तुम्ही कधी लावलं नसणार, उलट दर पावसाळ्यात उपटून गडग्यापलीकडे फेकलं असणार. खोकली. कुणी कुप्पी म्हणतं, कुणी खाजोटी. वीत-दोन वीत उंच रोप, लांब देठाची पानं, पानांना करवतीसारखी कड, आणि पानाच्या बगलेतून निघालेला उभा तुरा, त्या तुऱ्यावर हिरवे द्रोण लावल्यासारखे दिसतात ना, तीच. खोकल्यावर देतात म्हणून खोकली. एरंडाच्या कुळातली आहे.

आता हे मला कळलं कसं ते सांगते.

मालवणकडे माझ्या काकीचं घर आहे. चतुर्थी आठ दिवसांवर आली होती, म्हणजे खळं, घरापुढचं अंगण, साफ करायचे दिवस, तुम्हाला माहितीच आहे, पावसात रान किती माजतं ते. काकी, मी आणि कामाला येणारी बाई अशा तिघी सकाळपासून बेणत होतो, आणि उपटलेलं सगळं रान तुळशीमागे ढीग करून टाकत होतो. मधेच मोठी सर आली म्हणून पडवीत आलो, चहा घेतला.   

तर चहा होतोय तोवर तुळशीमागून आवाज आला. म्याव नाही, गुरगुर पण नाही, काहीतरी घशातून आल्यासारखा. बघतो तर काकीचा बोका, बंड्या, त्या ढिगावर उताणा पडलेला, चारी पाय वर, तोंडातून लाळ गळतेय, डोळ्यांची बुबुळं एवढी मोठी झालेली, आणि गाल घासतोय, लोळतोय, परत उठतोय, परत आपटतोय. अंगभर लाल माती. हाक मारली तर बघेना. काकी तर रडायलाच लागली, "अगो, ह्येका पान लागला दिसता!" पान लागणं म्हणजे साप चावणं, कारण रानाच्या ढिगात फुरसं निघणं आपल्याकडे काही नवीन नाही. मी काठीने ढीग उसकटायला गेले तर हा बोका माझ्या काठीवरच झेपावला, ढिगातनं हलेना. शेजारचे आजोबा आले, ते म्हणाले पिसाळलंय, लांब राहा.

शेवटी तालुक्याच्या गावच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "आज खळ्यात काय उपटलंत का?" म्हटलं हो. "मग त्याच्या पंजात काय आहे बघा, मुळी असेल, मातीसकट." बघितलं तर खरंच, दोन पंजांत घट्ट धरलेली खोकलीची मुळी, चघळून चोथा केलेली! डॉक्टर म्हणाले थांबा थोडं, आपोआप उतरेल. आणि पंधरा मिनिटांत बंड्या उठला, अंग झाडलं, पडवीत येऊन काकीच्या पायाशी झोपला. काकी कितीतरी वेळ त्याच्या अंगावरची माती पुसत बसली होती.

गणपती गेल्यावर मी मुद्दाम करून बघितलं. एका बाजूला ताज्या बांगड्याचं डोकं, एका बाजूला धुतलेली खोकलीची मुळी. बंड्या बांगड्याला वळसा घालून मुळीकडे गेला!

लक्षात ठेवा, मूळ. पान नव्हे, मूळ. रोप जमिनीत उभं असतं तेव्हा मांजर शेजारून निघून जातं, उपटलं की लांबून येतं. तमिळमध्ये ह्याला पूनैवणंगी असंही म्हणतात, पूनै म्हणजे मांजर, मांजर ज्याला नमस्कार करतं ते.

परदेशात ह्याच कामाचं झाड म्हणजे कॅटनिप, पुदिन्याच्या कुळातलं. त्यात नेपेटालॅक्टोन नावाचं द्रव्य असतं, वास नाकात गेला की मांजर लोळतं, पाच ते पंधरा मिनिटं, मग बराच वेळ त्याच वासाचं काही वाटत नाही. सगळ्याच मांजरांना होत नाही, तिनातल्या दोघांना होतं, आणि अगदी लहान पिल्लांना नाहीच. खोकलीच्या मुळात त्याच घराण्यातली द्रव्यं आहेत. जपानमधल्या इवाते विद्यापीठाच्या लोकांनी २०२१ मध्ये दाखवलं की तिकडच्या माताताबी वेलीवर मांजर लोळतं तेव्हा अंगाला लागलेलं द्रव्य डासांना लांब ठेवतं. आपल्या पावसात मांजराला ह्याहून चांगलं काय हवं? कॅटनिपचं बी मी मागवलं होतं, दोनदा लावलं, दोन्ही वेळा जुलैत कुजलं. खोकलीला काही लागत नाही.

गवती चहाची पातीसुद्धा मांजरं आवडीने चावतात, पण ती खाऊ देऊ नका, पोट बिघडतं.

आणि एक तर अजिबात नको, हे दोनदा सांगते. लिली नको. फुलांच्या गुच्छात येते ती मोठ्या पाकळ्यांची लिली आणि डे लिली, ह्यांनी मांजराची किडनी दोन-तीन दिवसांत जाते. पान खाल्लं तर जातेच, अंगावर पडलेले पराग चाटले तरी जाते, फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी. पुन्हा सांगते, मांजर असलेल्या घरात लिली आणू नका, कुणी भेट दिली तरी बाहेर ठेवा. कळलावीचा कंद पण विषारीच, गडग्यावर फुलली की सुंदर दिसते, तिथेच राहू दे. आणि रानावर तणनाशक मारू नका हो, मांजर तेच पाय चाटतं.

मुळी द्यायची तर धुऊन, बोटभर, आठवड्यातून एकदा, आणि ओकलं तर बंद.

काकीने आता मागीलदारी फुटक्या माठात तीन रोपं ठेवलीयत, बेणताना त्यांना हात लावू देत नाही कुणाला. तुमच्या वाडीत खोकलीला काय म्हणतात ते पत्राने जरूर कळवा. नमस्कार.