जांभळी प्लेट

(तळ्याचा काठ, पहाट)

संथ, कोमट पाणी. तळाशी गाळ. अशा गाळात क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम हा जिवाणू राहतो. उष्ण प्रदेशांतल्या पाण्यात नि मातीत तो सर्रास आढळतो. माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. गेलाच, तर बहुतेकदा एखाद्या खरचटलेल्या जागेतून.

माणसातला पहिला संसर्ग १९२७ मध्ये मलायातून नोंदला गेला. तेव्हापासूनच्या जगभरातल्या नोंदी काही शेकड्यांत मोजता येतील एवढ्याच. म्हणून तापानं फणफणलेला माणूस समोर असताना हे नाव कुणाला सुचत नाही. नाव कळतं ते इथे.

(प्रयोगशाळा. बाटलीचा तळ, अगदी जवळून)

या बाटलीत रुग्णाचं रक्त आणि जिवाणूंचं खाद्य आहे. आत काही वाढू लागलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तळाच्या चकतीचा रंग पालटतो, यंत्र सूचना देतं. मग थेंबभर काचपट्टीवर. ग्रॅम स्टेन, म्हणजे जिवाणू रंगवून पाहायची चाचणी: गुलाबी, काडीसारखे जिवाणू. गुलाबी काड्या तर रोजच दिसतात.

तारेचा लूप ज्योतीवर लाल करायचा, गार होऊ द्यायचा, प्लेटमधल्या आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, रेघा ओढायच्या. प्लेट रात्रभर इन्क्युबेटरमध्ये.

(रात्रभराचं चित्रण, वेग वाढवून)

हा जांभळा रंग व्हायोलासिन या रंगद्रव्याचा. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून जिवाणू तो बनवतो, पण एकट्यादुकट्याचं ते काम नाही. प्रत्येक पेशी बारीकसा रासायनिक निरोप सोडत असते. दाटी वाढली, निरोप पुरेसे साचले, की मग सगळ्या मिळून रंग करू लागतात. प्राणवायूही लागतो. सकाळी झाकण उघडावं तर रेघांवर शाई सांडल्यासारखी. वर्षानुवर्षं प्लेटा वाचणारे टेक्निशियनही इथे थबकतात. अनेकांनी ही वसाहत फक्त पुस्तकातच पाहिलेली असते.

एक गोष्ट मात्र या टेबलावर ठरत नाही. रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घेतलं होतं का? नसेल, तर बाटली यंत्रात ठेवतात ते पाचही दिवस गप्प राहू शकते, आणि मग कितीही तरबेज डोळा असो, त्याला वाचायला काही उरत नाही.

(वॉर्डाचा दरवाजा, बाहेरून)

रक्तात पसरला की यकृतात, फुप्फुसात गळवं होतात. काही दिवसांत जीवही जातो. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटांतली बहुतेक औषधं याच्यावर चालत नाहीत, सिप्रोफ्लॉक्सॅसिन सहसा चालतं.

(पुन्हा टेबल)

शेजारच्या प्लेटवर वसाहती पांढरट आहेत. व्हायोलेसियमचे रंग न धरणारे प्रकारही असतात, आणि ते एरोमोनास या दुसऱ्या जिवाणूचे समजून बाजूला पडू शकतात. तीही पाण्यातलीच जात. लूप पुन्हा ज्योतीवर.