दोऱ्याने मोजलेला समुद्र

नमस्कार मंडळी! घरात पृथ्वीगोल असेल तर घ्या जवळ, आणि थोडा शिवणाचा दोरा. एक टोक सॅन फ्रान्सिस्कोवर धरा, दुसरं टोकियोवर आणि ताणा. दोन्ही शहरं ३६-३८ अंश उत्तरेलाच आहेत, त्यामुळे दोरा आडवा पश्चिमेकडे जाईल असं वाटतं, पण ताणला की तो आपोआप वर सरकतो, पार ४८ अंशांपर्यंत, अलास्काच्या बेटांच्या जरा खालून. हेच ग्रेट सर्कल, गोलावरची सगळ्यात जवळची वाट. भिंतीवरच्या नकाशात हीच वाट कमानीसारखी दिसते आणि लोक विचारतात पायलट एवढा वळसा का घालतोय, अहो, वाकडा तो नकाशा!

आता आकडे. इथे बहुतेकांचं गाडं अडतं ते रेखांशात. एक शहर १२२ पश्चिम, दुसरं १४० पूर्व, बेरीज २६२, आणि १८०च्या वर गेलं म्हणजे आपण लांबच्या बाजूने निघालोय, मग ३६० मधून वजा करा, राहिले ९८. हा फरक आणि दोन अक्षांश हॅवरसाइनच्या, म्हणजे गोलावरचं अंतर काढायच्या, सूत्रात टाकले (कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे ना ते आधी बघा, मी रेडियनवर ठेवून एक अख्खी संध्याकाळ घालवलीये) की पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन मिळतो, साधारण ७४ अंश. अंशाला ६० नॉटिकल मैल, म्हणजे ४४४०, त्याला १.८५२ ने गुणलं की ८२०० किलोमीटरच्या थोडं वर. अक्षांश धरून सरळ पश्चिमेला गेलात तर ८७००च्या आसपास, म्हणजे जेटला अर्धा तास जास्तच.

गंमत म्हणजे १९२७ साली अटलांटिक एकट्याने न थांबता पार करणाऱ्या वैमानिक लिंडबर्गनेही सॅन दिएगोच्या लायब्ररीत गोलावर दोराच लावला होता, न्यूयॉर्क ते पॅरिस, ३६०० मैल आले. मग त्याने वाटेचे शंभर-शंभर मैलांचे तुकडे पाडले, कारण ग्रेट सर्कलवर दिशा सारखी बदलते. आपल्या टोकियोच्या वाटेवर विमान वायव्येकडे निघतं, मध्यावर बरोबर पश्चिमेला तोंड करतं आणि पोचताना नैर्ऋत्येकडे, आतल्या माणसाला मात्र वळल्याचं कळतही नाही.

आणि हो, वारा. परतीला जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरून पूर्वेकडे वाहणारा जोराचा वारा, पाठीशी घेता यावा म्हणून विमान मुद्दाम ही वाट सोडतं, अंतर वाढतं तरी लवकर पोचतं, तेव्हा दोऱ्याचा आकडा धरायचा तो कमीत कमी अंतर म्हणून, इंधनाचा हिशोब वाऱ्याला विचारूनच होतो.